घाटावरच्या गावाने वादळाची तयारी कशी करावी

"वादळ ते कोकणातलं. आपण घाटावरची माणसं, आपल्याला काय त्याचं?" लहानपणापासून हेच ऐकत आले. 16 मे 2021 ला, रविवारी, तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्यालगत वर सरकत होतं. लॉकडाऊन असल्यामुळे सगळे घरातच होतो. दुपारपर्यंत शेजारच्या गोठ्याचे चार पत्रे उडून आमच्या परड्यात पडले आणि फणसाची मोठी फांदी विजेच्या तारेवर कोसळली. पुढचे तीन दिवस गल्लीत वीज नव्हती, म्हणून नळाला पाणीही नव्हतं. बेळगावहून समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरसुद्धा लांब नाही, हे त्या दिवशी अंगावर आल्यावर कळलं.

इशारा आदल्या दिवशीच आला होता. फलकावर कागद लागला होता, पण तो कन्नडमध्ये होता आणि गल्लीतल्या बहुतेक थोरांना तो वाचता येत नव्हता. म्हणून आमच्या भागात तयारी दोरी-ताडपत्रीपासून सुरू होत नाही, ती बातमीपासून सुरू होते. आम्ही काही घरांनी मिळून गेल्या काही वर्षांत जे बसवलं, ते इथे क्रमाने लिहिते. खानापूर, बेळगाव, निपाणी, हुक्केरी, चिक्कोडी, कुठल्याही गावाला थोडा फेरफार करून ते चालेल.

1. वादळ कुठल्या हंगामातलं, ते आधी ओळखा

अरबी समुद्रात वादळं मुख्यतः दोन वेळा उठतात. एकदा एप्रिल ते जून, मृगाच्या आधी-मागे. दुसऱ्यांदा ऑक्टोबर ते डिसेंबर, आपल्या भर सुगीत. तौक्ते मे महिन्यातलं, निसर्ग जून 2020 चं. क्यार आलं 2019 च्या दिवाळीत आणि फयान नोव्हेंबर 2009 मध्ये.

या दोन्हींची तयारी वेगळी. उन्हाळ्यातलं वादळ आपल्याकडे वारा आणि वीज घेऊन येतं. पत्रे, कौलं, झाडं आणि तारा सांभाळायच्या. नद्या तेव्हा तळाला गेलेल्या असतात, पुराची भीती कमी. दिवाळीच्या आसपासचं वादळ मात्र पाऊस घेऊन येतं, आणि तेव्हा शेतात भात कापून पडलेलं असतं, धरणं काठोकाठ भरलेली असतात आणि पावसाळाभर भिजलेल्या भिंती अजून सुकलेल्या नसतात. मला विचाराल तर आपल्यासाठी हे दुसरं वादळ जास्त घातक, आणि तयारी मात्र आपण पहिल्याचीच करतो.

2. बातमीची साखळी बांधा

हवामान खात्याच्या हिशेबात बेळगाव जिल्हा 'उत्तर अंतर्गत कर्नाटक' या विभागात येतो. या एकाच विभागात अथणीकडचं कोरडं रानही आहे. त्यामुळे नुसता विभागाचा अंदाज ऐकून कणकुंबी-जांबोटीच्या माणसाला पुरेसा अंदाज येत नाही. समुद्रावरून आलेली ओली हवा सह्याद्रीला धडकून वर चढते आणि घाटमाथ्यावरच रिती होते. म्हणून खानापूर तालुक्याने आणि बेळगावच्या पश्चिम भागाने गोव्याचा अंदाजही रोज बघावा. गोव्याला रेड अलर्ट असेल तर आपल्याला यलो असला तरी रेड धरून चालावं. निपाणी, संकेश्वर, चिक्कोडीकडच्यांनी कोल्हापूर आणि सिंधुदुर्गाचा अंदाज बघावा. हिरण्यकेशी आंबोलीत उगम पावते. तिथे कोसळला की संकेश्वरात नदी वर येते. राधानगरी, काळम्मावाडी, कोयना ही धरणं महाराष्ट्रात, पण त्यांचं सोडलेलं पाणी शेवटी आपल्याच अंगणावरून जातं. तिथल्या विसर्गाची बातमी कोल्हापूरच्या मराठी वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर लगेच येते. नदीकाठच्या गावात ती रोज सकाळी बघण्याचं काम एका माणसाच्या नावावर टाका. 'कुणीतरी बघेल' म्हटलं की कुणीच बघत नाही.

आता भाषेचं. आमच्या गल्लीत तीन मुलं कन्नड शाळेत शिकतात आणि शेजारच्या गल्लीतले एक कन्नड कुटुंब आमच्या घरोब्याचं आहे. फलकावरचा किंवा फोनवर आलेला कन्नड इशारा यांच्यापैकी जो आधी बघेल त्याने तो मराठीत बोलून गल्लीच्या व्हॉट्सॲप गटात टाकायचा, असं ठरवलं. लिहून टाकायचा नाही, बोलून. आजोबांना टाईप केलेलं वाचता येत नाही, आवाज मात्र ऐकू येतो. त्या कुटुंबातले काका तर गावाबाहेर असले तरी फोन करून विचारतात, "कळलं न्हवं सगळ्यांना?" सीमेच्या प्रश्नावर आमचं त्यांच्याशी पटत नाही, पण या कामात त्यांनी एकदाही हात आखडता घेतला नाही.

काही कन्नड शब्द मराठी माणसाने कानाला ओळखीचे करून ठेवावेत. चंडमारुत म्हणजे चक्रीवादळ. मळे म्हणजे पाऊस, गाळी म्हणजे वारा, सिडिलु म्हणजे पडणारी वीज. नेरे म्हणजे पूर, एच्चरिके म्हणजे सावधानतेचा इशारा. परिहार म्हणजे भरपाई. आणि सरकार पूरग्रस्तांसाठी जे निवारा केंद्र उघडतं त्याला म्हणतात काळजी केंद्र. हा शब्द शिकावा लागत नाही, तो आपलाच आहे. हे केंद्र बहुधा शाळेत किंवा समाजमंदिरात असतं. तुमच्या गावाचं कुठे उघडणार, हे ग्रामपंचायतीच्या पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) आधीच विचारून ठेवा.

मराठीत इशारा मिळावा ही मागणी मात्र सोडू नका. भाषिक अल्पसंख्याकांचा तो हक्क आहे, आणि जिवाशी गाठ असते तेव्हा तर त्याहून मोठी निकड नाही. ग्रामसभेत दरवर्षी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोपर्यंत फोनवर आपत्तीच्या इशाऱ्यांसाठी 'सचेत' आणि विजेसाठी 'दामिनी' ही सरकारी ॲप टाकून ठेवा. वाऱ्याचा वेग ताशी 62 किलोमीटरवर गेला की वादळाला नाव मिळतं. नाव पडेपर्यंत थांबायचं नाही. 'अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र' एवढं ऐकलं की हातपाय हलवायला लागा.

3. घर आणि गोठा

आधी भिंती बघा, मग छप्पर. जुन्या मातीच्या भिंती वाऱ्याने पडत नाहीत, त्या आतून भिजून फुगतात आणि पाऊस थांबल्यावरसुद्धा पडतात. ऑक्टोबर 2021 मध्ये बेळगाव तालुक्यातल्या बडाल अंकलगी गावात असं एक घर कोसळलं आणि सात जणांचा जीव गेला. भिंतीला उभी भेग, पोट सुटल्यासारखा फुगवटा किंवा तळाशी ओल चढलेली दिसली, तर त्या खोलीत झोपू नका. शेजाऱ्याच्या स्लॅबच्या घरात चार रात्री काढायला लाज कसली?

पत्र्यांचे हुक आणि नटबोल्ट मे महिन्यात आणि दसऱ्याला घट्ट करून घ्या. पत्रा उडू नये म्हणून त्यावर सुटे दगड ठेवायची आपल्याकडे जुनी रीत आहे. ती मोडा, वाऱ्यात तेच दगड माणसाच्या डोक्यात पडतात. त्याऐवजी वाळूची दोन पोती एका दोरीने जोडून छपराच्या दोन्ही उतारांवर लोंबती ठेवावीत. सरकलेली मंगळुरी कौलं बसवून घ्या. घरावर झुकलेल्या फांद्या आधीच उतरवा. तारेला लागलेली फांदी मात्र स्वतः तोडायला जाऊ नका, त्यासाठी हेस्कॉमला, म्हणजे आपल्या वीज कंपनीला, 1912 वर कळवा आणि तक्रारीचा नंबर लिहून ठेवा.

वारा सुरू झाला की जनावरांची दावी सोडा. बांधलेली म्हैस पडत्या गोठ्यातून निघू शकत नाही. हे नीट कळायला आम्हाला एक गाय गमवावी लागली.

4. सुगीतलं भात

भात कापायच्या बेतात असेल आणि समुद्रात कमी दाब तयार झाला असेल, तर दोन दिवस थांबण्यातच शहाणपण. उभं भात आडवं झालं तरी बरंचसं हाती लागतं. कापून पसरलेलं भिजलं की कोंब फुटतात. आधीच कापलेलं असेल तर पेंढ्या बांधून उंचवट्यावर उभ्या रचा आणि ताडपत्री टाका. पिंजराची गंजी जमिनीवर लावू नका, खाली दगड आणि लाकडं घाला. बळ्ळारी नाल्याच्या काठच्या शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शेतकऱ्यांना हे सांगायला नको, त्यांची शिवारं साधा पाऊसही तुंबवतो. तो नाला उपसण्याची मागणी पावसाळ्यात नको, उन्हाळ्यातच लावून धरायला हवी.

पीकविमा भरला असेल तर एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. प्रधानमंत्री पीकविमा योजनेत, कापणी करून शेतात सुकत घातलेल्या पिकाचं चक्रीवादळाच्या किंवा अवकाळी पावसाने झालेलं नुकसानही धरतात, कापणीपासून 14 दिवसांपर्यंत. अट एकच, नुकसान झाल्यापासून 72 तासांत कळवायचं. त्यासाठीचा नंबर 14447. तुमचा फ्रूट्स नंबर (कर्नाटक सरकारच्या शेतकरी नोंदणीचा), उतारा आणि बँक खात्यावरचं नाव एकमेकांशी जुळतं का, हे आजच बघा. आमच्याकडे मराठी नावं कन्नडमध्ये लिहिताना एखादं अक्षर बदलतं आणि तिथेच भरपाई अडकते.

5. मंडळाची खोली

नवीन सामान विकत घ्यायची गरज नाही. गणेशोत्सव मंडळाच्या खोलीत दोरखंड, ताडपत्र्या, हॅलोजन, वायर, कधी जनरेटरही पडून असतो. मंडपाचं सगळं सामान वादळाला लागणारंच आहे. फक्त किल्ली कुणाकडे, हे तीन घरांना माहीत हवं. त्यात एक करवत, कोयते, बॅटऱ्या आणि प्रथमोपचाराची पेटी घाला. महिला मंडळाने एका यादीत वृद्ध, गरोदर बाया, अंथरुणावरचे आजारी आणि एकटे राहणारे यांची नावं लिहावीत, आणि प्रत्येक नावापुढे त्यांना उचलून आणणाऱ्या दोघांची नावं.

6. वादळाच्या दिवशी

टाक्या, घागरी, पिंपं भरा. फोन चार्ज करा. टीव्हीचा आणि मोटारीचा प्लग काढा. झाडाखाली, पत्र्याच्या शेडमध्ये, टीसीजवळ (विजेच्या ट्रान्सफॉर्मरजवळ) उभं राहू नका. तुटलेली तार दिसली की तिथे एकाला राखण ठेवा, लोकांना लांब ठेवायला.

जत्राट-भिवशी, सिदनाळ-अक्कोळ, कारदगा-भोज, कल्लोळ-येडूर असले बंधारे पाण्याखाली गेले की मोटारसायकल घालू नका, पाणी गुडघाभर असलं तरी. वरचं पाणी संथ दिसतं, खालचा ओढा पाय काढतो. मदतीसाठी 112, रुग्णवाहिकेसाठी 108, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षासाठी 1077.

7. पंचनामा

इथे जरा थांबून लिहिते, कारण इथेच आमच्या माणसांचं सगळ्यात जास्त नुकसान होतं.

ऑगस्ट 2019 च्या महापुरात माझ्या आत्याच्या घराच्या मागच्या दोन भिंती गेल्या आणि आढं खाली आलं. त्या वर्षी सरकारने पडलेल्या घरांचे ए, बी आणि सी असे तीन गट केले होते. पूर्ण पडलेल्या घराला पाच लाख रुपये होते. पाहणीला आलेल्या माणसाने कन्नडमध्ये कागद लिहिला, आत्याने सही केली. चार महिन्यांनी कळलं की तिचं घर 'सी'मध्ये, म्हणजे थोडी पडझड, असं लागलंय. आमच्याकडे पडलेल्या घराचा एकही फोटो नव्हता, कारण राडारोडा आम्ही दुसऱ्याच दिवशी उपसून टाकला होता. आत्या अजून पत्र्याच्या खोलीत राहते.

म्हणून, मे महिन्यातच घराचे चारही बाजूंनी, आतून, छपराचे, गोठ्याचे आणि जनावरांचे फोटो काढून ठेवा. नुकसान झाल्यावर काहीही हलवण्याआधी पुन्हा काढा, शेजारचं ओळखीचं घर किंवा देऊळ चौकटीत येईल असे. पिकाची मदत सरकारी निकषाने 33 टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान झालं तरच मिळते, तेव्हा शेताचे फोटो बांधापासून बांधापर्यंत घ्या. पाहणीला तलाठी आले की कन्नड वाचणारा कुणीतरी शेजारी उभा करा. नववीतलं पोर चालेल. कागद त्याने मोठ्याने वाचून मराठीत सांगितल्याशिवाय सही किंवा अंगठा नाही. "घाई आहे, करा की ओ सही," असं कुणी म्हटलं तरी नाही. सहीनंतर त्याच कागदाचा फोटो घ्या. अर्ज दिला की पोच आणि तारीख मागून घ्या. उतारा, आधार, रेशन कार्ड, बँकेचं पुस्तक एका प्लास्टिकच्या पिशवीत, घरातल्या सगळ्यांना माहीत असलेल्या खुंटीवर.

8. यादी पुन्हा लिहा

वर्षातून दोनदा, मृगाआधी आणि दसऱ्याला, गल्लीची यादी वाचून काढा. गेल्या दसऱ्याला आम्ही वाचली तेव्हा दोन नंबर बंद होते, किल्ली असलेला मुलगा पुण्याला नोकरीला गेला होता, आणि एकट्या राहणाऱ्यांत एक नाव वाढलं होतं. किल्ली आता माझ्याकडे आहे, आणि त्या नव्या नावापुढे शेजारच्या दोन घरांनी आपली नावं लिहिली आहेत.