‘आवश्यक घटक’ इंग्रजीत लिहिताना नेमका शब्द कसा निवडावा

मराठीत ‘घटक’ हा एकच शब्द पुष्कळ कामे करतो. यंत्राचा सुटा भाग, औषधातील द्रव्य, निर्णयावर परिणाम करणारी बाब, पाठ्यक्रमातील विभाग, या सर्वांना आपण घटकच म्हणतो आणि वाचणाऱ्याला संदर्भावरून अर्थ बरोबर कळतो. इंग्रजीत मात्र या प्रत्येकासाठी वेगळा शब्द रूढ आहे. त्यामुळे समानार्थी शब्दांच्या कोशात कम्पोनंट, कॉन्स्टिट्युअंट, एलिमेंट, इन्ग्रेडियंट, फॅक्टर अशी रांग दिसली, तरी त्यांतील कोणताही शब्द उचलून चालत नाही. पीटर मार्क रोजे या ब्रिटिश वैद्यकाने 1852 साली आपला प्रसिद्ध शब्दसंग्रह छापला तेव्हा त्याने शब्दांची मांडणी कल्पनांनुसार केली, व्याख्या दिल्या नाहीत. ज्याला शब्द आधीच माहीत आहे, पण ऐन वेळी आठवत नाही, अशा लेखकासाठी ती सोय होती. परकी भाषा म्हणून इंग्रजी लिहिणाऱ्याने अशा यादीकडे केवळ आठवण करून देणारे साधन म्हणून पाहावे आणि निवड स्वतः करावी.

निवडीपूर्वी एक गोष्ट पक्की लक्षात घ्यावी, कारण माझ्या मते बहुतेक चुकांचे मूळ तिथेच आहे. कम्पोनंट, एलिमेंट, कॉन्स्टिट्युअंट हे शब्द ती वस्तू ‘भाग’ आहे एवढेच सांगतात. तिच्यावाचून अडते, असे ते सांगत नाहीत. गाडीच्या डॅशबोर्डवरील घड्याळ हाही कम्पोनंटच असतो आणि इंजिनही. अनिवार्यता सांगायची असेल तर या शब्दांपूर्वी इसेन्शिअल, ‘की’ (key) किंवा व्हायटल असे विशेषण जोडावे लागते. याउलट कॉर्नरस्टोन (पायाचा दगड), लिंचपिन (चाकाची खीळ), सिने क्वा नॉन (ज्याच्याविना होणारच नाही अशी अट) या शब्दांत अनिवार्यता मुळातच असते, म्हणून ‘इसेन्शिअल लिंचपिन’ ही निव्वळ द्विरुक्ती ठरते.

यानंतर तो भाग संपूर्ण वस्तूशी कसा जोडलेला आहे, हे स्वतःला विचारावे. सुटा करता येतो, बदलता येतो आणि त्याचे स्वतःचे ठरलेले काम असते, तर कम्पोनंट. म्हणूनच विद्युतमंडलातील रोधक आणि धारित्र हे कम्पोनंट असतात. मिसळल्यावर तो वेगळा दिसत नाही, पण त्याचा गुण संपूर्ण मिश्रणात उतरतो, तर इन्ग्रेडियंट; औषधाच्या वेष्टनावर प्रत्यक्ष परिणाम करणाऱ्या द्रव्याला ‘ॲक्टिव्ह इन्ग्रेडियंट’ म्हणतात ते याच अर्थाने. एखादी गोष्ट कशाची बनली आहे याचे विश्लेषण करायचे असेल, तर कॉन्स्टिट्युअंट हा नेमका आणि काहीसा शास्त्रीय शब्द आहे, मात्र मतदारसंघातील मतदारालाही हाच शब्द लावतात. रसायनशास्त्राबाहेर एलिमेंट हा सर्वांत सैल शब्द आहे. दुसरे काही बसत नसेल तेव्हाच तो घ्यावा. फॅक्टर हा तर भागच नव्हे, ते परिणाम घडवणारे कारण असते.

एक वाक्य घेऊन पाहू: ‘विश्वास हा कोणत्याही भागीदारीचा आवश्यक घटक आहे.’ येथे ‘ट्रस्ट इज अ कम्पोनंट ऑफ एनी पार्टनरशिप’ असे लिहिले तर व्याकरण बरोबर असूनही विश्वास म्हणजे बसवता-काढता येणारा सुटा भाग वाटतो, आणि ‘आवश्यक’ हा मुद्दा तर निसटतोच. ‘ट्रस्ट इज अ फॅक्टर’ म्हटले की वाचक लगेच विचारेल, कशावर परिणाम करणारा? ‘ॲन इसेन्शिअल इन्ग्रेडियंट इन एनी पार्टनरशिप’ हे चांगले जमते, कारण विश्वास भागीदारीच्या प्रत्येक व्यवहारात मिसळलेला असतो. सगळी भागीदारी त्याच्यावरच उभी आहे असे म्हणायचे असेल, तर ‘द कॉर्नरस्टोन ऑफ’ घ्यावे. ‘ॲन इंटिग्रल पार्ट ऑफ’ हेही शुद्ध आहे आणि ‘अविभाज्य भाग’ या आपल्या शब्दप्रयोगाच्या सर्वांत जवळचे आहे. इंटिग्रलचे मूळ ‘अखंड’ या अर्थाच्या लॅटिन शब्दात असल्याने त्याला ‘व्हेरी’ जोडू नये.

‘पार्ट अँड पार्सल’ मात्र जपून वापरावे. त्यातील पार्सलचा अर्थ टपालाने येणारे पुडके असा नाही, तर ‘भाग’ असाच जुना अर्थ आहे. हा प्रयोग बहुधा टाळता न येणाऱ्या, काहीशा नकोशा गोष्टींसाठी येतो, जसे नोकरीतील ताण. त्यापूर्वी ‘अ’ हे उपपद लावत नाहीत.

बांधकामातून आलेले शब्दही परस्परांच्या जागी वापरू नयेत. कॉर्नरस्टोन पायाशी असतो. कीस्टोन हा कमानीच्या माथ्यावरचा पाचरीसारखा दगड. तो बसेपर्यंत कमान स्वतःच्या बळावर उभी राहू शकत नाही. अमेरिकी परिसंस्थाशास्त्रज्ञ रॉबर्ट पेन यांनी 1969 साली ‘कीस्टोन स्पीशीज’ ही संज्ञा मांडली तीही याच अर्थाने: त्यांनी समुद्रकिनाऱ्यावरील खडकांवरून एका जातीचे तारामासे काढून टाकले, तेव्हा शिंपल्यांनी जागा व्यापली आणि तेथील इतर जाती कमी झाल्या. संख्येने थोडा, पण काढला तर सारी रचना बदलून टाकणारा भाग असेल तेथे कीस्टोन शोभतो. लिंचपिन ही आसाच्या टोकाला चाक निखळू नये म्हणून घातलेली खीळ आहे, म्हणून योजना किंवा गट एकत्र धरून ठेवणाऱ्या व्यक्तीसाठी हा शब्द योग्य आहे. सिने क्वा नॉन हा भारदस्त लॅटिन प्रयोग ‘ज्याच्याविना होणारच नाही’ अशा अटीसाठी राखून ठेवावा. साध्या पत्रात तो जड वाटतो. इसेन्स आणि क्रक्स यांचा अर्थ सार किंवा मर्म असा असल्याने ते या रांगेत बसत नाहीत.

शब्द ठरला की त्यासोबतचे शब्दयोगी रूप तपासावे, कारण ते चुकले तर योग्य शब्दही परका वाटतो. कम्पोनंट ‘ऑफ’, फॅक्टर ‘इन’, इंटिग्रल ‘टू’, इन्हेरंट ‘इन’ असे हे प्रयोग रूढ आहेत. इन्ग्रेडियंटला ‘ऑफ’ आणि ‘इन’ दोन्ही चालतात. क्रियापदाची दिशाही पाहावी. भाग मिळून संपूर्ण वस्तू ‘कॉन्स्टिट्यूट’ करतात, तर संपूर्ण वस्तू भागांना ‘कम्प्राइझ’ करते. ‘इज कम्प्राइज्ड ऑफ’ हे सर्रास ऐकू येत असले तरी काटेकोर संपादक ते खोडतात, म्हणून औपचारिक लेखनात ‘कन्सिस्ट्स ऑफ’ किंवा ‘इज कम्पोज्ड ऑफ’ लिहावे.