मुलींच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची भाग्यपत्रिका: या चुका टाळा

मुलांची भाग्यपत्रिका (कोण कोणाशी खेळणार याची आखणी) समोर ठेवून तशीच मुलींची काढणे ही सगळ्यात मोठी चूक. समजा मुलींचे ६ संघ आले. सरळ बाद पद्धत लावली की ५ सामन्यांत स्पर्धा आटोपते आणि किमान दोन, कधी चार संघ एकच सामना खेळून घरी जातात. गोव्यात काणकोणहून किंवा वाळपईहून पहाटेची कदंब बस पकडून आलेली मुलगी दुपारच्या बसने परत. विद्यापीठाचा संघ याच सामन्यांतून निवडायचा, पुढे पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत त्यालाच उतरायचे. निवड समितीने तिला पाहिले तरी किती? त्यापेक्षा तीन-तीनचे दोन गट करा. गटांचे ६, उपांत्य २ आणि अंतिम १, असे ९ सामने होतात आणि प्रत्येक संघाला किमान दोन मिळतात. उपांत्य फेरीत अ गटाचा पहिला ब गटाच्या दुसऱ्याशीच खेळवा, नाहीतर गटातलीच लढत पुन्हा होते.

दुसरी चूक मानांकनाची. सगळ्या चिठ्ठ्या एकाच डब्यात टाकल्या तर गतवर्षीचे विजेते आणि उपविजेते भाग्यपत्रिकेच्या एकाच अर्ध्यात येऊन अंतिम सामन्याआधीच भिडू शकतात. विजेत्यांना पहिल्या ओळीत, उपविजेत्यांना शेवटच्या ओळीत बसवा आणि उरलेल्यांच्या चिठ्ठ्या काढा. मात्र आठव्या क्रमांकापर्यंत मानांकन देण्याचा मोह नको. अमेरिकेत महाविद्यालयीन महिला बास्केटबॉलमध्ये समिती ६८ संघांची क्रमवारी लावते, पण तिच्यासमोर अख्ख्या हंगामाचे निकाल असतात. तरीही १९९८ मध्ये सोळाव्या मानांकित हार्वर्डने अव्वल मानांकित स्टॅनफर्डला त्यांच्याच मैदानावर हरवले. आपल्याकडे आधार फक्त मागच्या वर्षाचा, आणि तेवढ्यात शेवटच्या वर्षाच्या मुली कॉलेज सोडून गेलेल्या असतात. दोन, फार तर चार मानांकने पुरेत.

खरी भांडणे होतात ती ‘पुढे चाल’वरून, म्हणजे पहिली फेरी न खेळता थेट पुढच्या फेरीत जाण्यावरून. हिशेब सोपा आहे: ११ संघ असतील तर ४, ८, १६ या दुपटीच्या क्रमातला पुढचा आकडा १६, म्हणून १६ वजा ११, म्हणजे ५ संघांना पुढे चाल. वरच्या अर्ध्यात ६ संघ, खालच्यात ५. पहिली चाल खालच्या अर्ध्याच्या शेवटच्या ओळीला, दुसरी वरच्या अर्ध्याच्या पहिल्या ओळीला, तिसरी खालच्याच्या पहिल्या ओळीला, चौथी वरच्याच्या शेवटच्या ओळीला. मानांकित संघ याच चार जागी बसवले की चाल आपोआप त्यांना मिळते.

पण ७ संघ आले की घोटाळा होतो. चाल एकच, ती शेवटच्या ओळीला, म्हणजे उपविजेत्यांना! विजेते पहिल्या फेरीत घाम गाळतात आणि उपविजेत्या मुली सावलीत बसून बघतात. अशा वेळी विजेत्यांना शेवटच्या ओळीत आणि उपविजेत्यांना पहिल्या ओळीत बसवा. दोघांचे अर्धे वेगळेच राहतात, चालही योग्य संघाला मिळते. हे चिठ्ठ्या काढण्याआधी सर्वांसमोर सांगा. नंतर सांगितले तर पक्षपाताचा आरोप येणारच.

गटात तिघांचे गुण समान झाले तर? अ ने ब ला, ब ने क ला, क ने अ ला हरवले, तर आपापसातला निकाल काही सांगत नाही. व्हॉलीबॉलमध्ये विजय, मग सामन्याचे गुण, मग सेटचे गुणोत्तर, मग खेळातील गुणांचे गुणोत्तर असा क्रम लावतात. फुटबॉलमध्ये गोलफरक पाहता येतो. कोणताही क्रम ठरवा, पण पहिल्या शिट्टीआधी कागदावर आणा. ऐनवेळी नाणे उडवून मुलींची वर्षभराची मेहनत निकालात काढू नका.

गटातले शेवटचे सामने शक्य तिथे एकाच वेळी घ्या. १९८२ च्या फुटबॉल विश्वचषकात गटातला दुसरा सामना आधीच संपल्यामुळे पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांना माहीत होते की किती फरकाने निकाल लागला तर दोघेही पुढे जातात. त्या सामन्यानंतरच, १९८६ पासून, ही पद्धत आली. तीनच्या गटात हे जमत नाही, एक संघ रिकामाच राहतो. तिथे पहिला सामना हरलेल्या संघाला लगेच दुसऱ्या सामन्यात उतरवा, म्हणजे शेवटच्या लढतीत संगनमताला वाव कमी राहतो. फक्त दोन सामन्यांमध्ये त्या मुलींना पुरेशी विश्रांती द्या.