सागाच्या रोपवनात मातीचे नमुने घेण्यापूर्वी

वनशास्त्राच्या पदव्युत्तर प्रबंधासाठी दापोलीहून चंद्रपूर भागात गेलो, तेव्हा वेगवेगळ्या वयाच्या सागाच्या रोपवनांत मातीतील सेंद्रिय कर्बाचा (कुजलेल्या पालापाचोळ्यासारख्या पदार्थांतून मातीत आलेल्या कार्बनचा) साठा मोजावा, असा माझा विषय ठरला होता. तो मला सोपा वाटला होता. खड्डा काढायचा, माती पिशवीत भरायची, प्रयोगशाळेत द्यायची आणि आकडे तक्त्यात मांडायचे, एवढेच काम माझ्या डोळ्यांसमोर होते. त्या समजापायी माझा एक अख्खा हंगाम वाया गेला, आणि पुढील मजकूर मुख्यतः त्याच मार्गावर निघालेल्यांसाठी आहे.

पहिल्या फेरीत मी वरच्या ३० सेंटिमीटर थरातील माती गिरमिटाने काढून आणली. वॉकली आणि ब्लॅक यांच्या १९३४ पासून वापरात असलेल्या पद्धतीने कर्बाचे टक्के मिळाले. त्यावर मार्गदर्शकांनी एकच प्रश्न विचारला, ‘‘टक्के कळले, पण हेक्टरी टन किती?’’ माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण मी मातीची स्थूल घनता, म्हणजे जमिनीत असते तशा एक घनसेंटिमीटर मातीचे कोरडे वजन, मोजलीच नव्हती. कर्ब एक टक्का असेल आणि घनता १.२ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर असेल, तर ३० सेंटिमीटरपर्यंतचा साठा हेक्टरी ३६ टन होतो; कर्बाचा टक्का तोच ठेवून घनता १.५ धरली, तर तो ४५ टन होतो. म्हणजे गुरांच्या चराईने किंवा लाकूड ओढून नेण्याने माती नुसती दबली, तरी कागदावर कर्ब ‘वाढलेला’ दिसू शकतो. शिवाय दगडगोटे वजा केले नाहीत, तर साठा आणखी फुगतो.

दुसऱ्या हंगामात घनता मोजण्यासाठी ठराविक मापाची गोल लोखंडी कडी घेऊन गेलो. कड्यावर लाकडी ठोकळा ठेवून हातोड्याने ते जमिनीत सरळ उतरवायचे, खालून माती कापायची आणि कडे भरून बाहेर काढायचे, ही कृती ऐकायला सोपी असली तरी मुरमाड जागेत खडा लागला की कड्याची धार वाकते आणि माती ढासळते. अशा ठिकाणी लहान खड्डा खणून सगळी माती जपून ठेवावी, खड्ड्यात पातळ प्लास्टिक अंथरावे आणि त्यात मावणारे पाणी मापाने मोजून खड्ड्याचे आकारमान काढावे. मी मे महिन्यात गेलो होतो. तिथल्या वनरक्षकांनी हसून सांगितले की, पाऊस सरल्यावर जमिनीत ओल असताना या. त्यांचे म्हणणे तंतोतंत खरे निघाले.

याच वनरक्षकांमुळे माझी दुसरी चूकही वेळीच लक्षात आली. माझ्या यादीत जे रोपवन एकाच वयाचे म्हणून नोंदवले होते, त्याच्या मधल्या भागातील झाडे लावलेली नसून जुन्या खुंटांच्या फुटव्यांतून वाढलेली होती. त्यांनी पालापाचोळा बाजूला करून मला तो खुंट दाखवला. खोडाचा बुंधा एका बाजूने खुंटाला चिकटलेला होता. असे क्षेत्र ‘अमुक वयाचे रोपवन’ म्हणून तुलनेत घेतले असते, तर निष्कर्ष चुकलाच असता.

म्हणून नवागतांनी प्रयोगशाळेच्या आधी त्या वनविभागाची कार्य आयोजना, म्हणजे तिथल्या जंगलाच्या व्यवस्थापनाचा मंजूर आराखडा, वाचावी, असे माझे मत आहे. हा जाडजूड दस्तऐवज कंटाळवाणा असतो, हे मान्य. पण कोणत्या कक्षात (जंगलाच्या क्रमांक दिलेल्या भागात) कधी तोड झाली, विरळणी कधी झाली, कोणत्या वर्षी कोणता कूप (त्या वर्षीच्या तोडीसाठी आखलेला भाग) पडला, हे त्यातून आणि कक्षाच्या इतिहासपत्रकांतून कळते. शिवाय १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या गोदावर्मन या वनसंरक्षणाविषयीच्या प्रकरणातील आदेशानंतर मंजूर आयोजनेशिवाय वनातील झाडे तोडता येत नाहीत, त्यामुळे जंगलाच्या व्यवस्थापनाचे धोरण प्रत्यक्षात याच पानांवर उतरते. नमुन्यांच्या परवानगीचा अर्जही कक्ष क्रमांकांसह करावा. ‘परिसरातील जंगल’ असे मोघम लिहिलेला माझा पहिला अर्ज दोन महिने पडून राहिला.

मातीऐवजी लाकडावर अभ्यास करणाऱ्यांनी एकदा तरी लाकूड आगारात जाऊन लठ्ठ्यांची मोजणी पाहावी. भारतात रूढ असलेल्या सूत्रानुसार घेराच्या चौथ्या हिश्श्याचा वर्ग करून त्याला लांबीने गुणतात. १२० सेंटिमीटर घेराचा पाच मीटर लांबीचा लठ्ठा या हिशेबाने ०.४५ घनमीटर भरतो, तर वर्तुळाच्या गणिताने तो सुमारे ०.५७ येतो. आगाराच्या नोंदी आणि तुमची उभ्या झाडांची मोजमापे यांत एवढी तफावत दिसली, तर चोरीचा संशय घेण्याआधी सूत्र तपासावे.

धोरणाच्या अभ्यासाला सध्या विदर्भात भरपूर वाव आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क (जंगल गावाने मिळून वापरण्याचा आणि सांभाळण्याचा हक्क) मिळाला आणि बांबू विकण्याचा प्रश्न ग्रामसभेच्या हाती आला. पुढे १९२७ च्या भारतीय वन कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेर वाढलेला बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला. दोन्ही निर्णय बांबूविषयीचे असले तरी एक वनातील हक्काचा आणि दुसरा खासगी जमिनीवर वाढलेल्या बांबूच्या वाहतुकीचा आहे. पहिल्या मुलाखतीतच मी त्यांची सरमिसळ केली, तेव्हा समोरच्या ज्येष्ठ ग्रामस्थांनी मला बसवून घेतले, वाहतूक परवान्याचे पुस्तक पुढे ठेवले आणि म्हणाले, ‘‘आधी हे नीट वाचा, मग विचारा.’’