पोळ्यानंतरची परसबाग: फवारणीआधी पान उलटून पाहा

पोळा, मारबत झाली की नागपुरात पावसाला उघडीप मिळते. ऊन चटकते, जमिनीत ओल असते आणि वांगी, भेंडी, बरबटी (चवळीच्या शेंगा), कारल्यावर किडी झपाट्याने वाढतात. भेंडी कापसाच्याच कुळातली, त्यामुळे आसपास कपाशी असेल तर तुडतुडे आणि पांढरी माशी तिच्यावर हमखास येतात.

वांग्याकडे सर्वांत जास्त लक्ष द्या. पाणी देऊनही कोवळा शेंडा मान टाकून असेल, तर आत शेंडे व फळ पोखरणारी अळी आहे. एकदा ती आत शिरली की वरून केलेली फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. सुकलेल्या भागाच्या थोडे खालून शेंडा कापा आणि साबणाच्या पाण्यात बुडवा. झाडाखाली टाकू नका, अळी तिथेच मातीत कोष करते. छिद्र पडलेली वांगीही तोडून अशीच नष्ट करा. घरच्या दहा-बारा झाडांना एवढे नियमित केले तरी पुष्कळ फरक पडतो.

कारली, दोडकी, ढेमशांत फळमाशी अंडी घालते. डंख लागलेली फळे कंपोस्टमध्ये न टाकता प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा. वेलाजवळ क्यूल्युअरचा (नर फळमाशीला ओढणाऱ्या गंधाचा) कामगंध सापळा लावा.

बरबटीच्या शेंड्यावर काळा मावा दिसला, तर आधी पाण्याचा जोरदार फवारा मारा. तिथे ढालकिडे (लेडीबर्ड) फिरत असतील तर दोन दिवस थांबा, ते मावाच खातात. तरीही मावा, तुडतुडे वाढले तर निंबोळी अर्क वापरा: वाळलेल्या निंबोळ्यांची 50 ग्रॅम भरड 1 लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्याने गाळा, चिमूटभर साबण मिसळा. उन्हात त्याचा असर लवकर ओसरतो, म्हणून संध्याकाळी, पानांच्या खालून फवारा आणि आठवड्याने पुन्हा मारा. परिणाम हळू दिसतो, धीर धरा.

कपाशीसाठी आणलेले औषध मात्र घरच्या भाजीवर कधीही मारू नका. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, ते विदर्भाने पाहिले आहे. परसातली भेंडी तर एक दिवसाआड तोडून आपण लेकरांच्या ताटात वाढतो.

भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या असतील तर तो केवडा रोग. पांढरी माशी तो पसरवते आणि त्यावर औषध नाही. असे झाड दिसताच उपटा, आणि उरलेल्या झाडांजवळ पिवळा चिकट सापळा टांगा.