शब्दाला टोपणअर्थ कसा द्यावा

'पोपट झाला' म्हटल्यावर कोणी पिंजरा शोधत नाही, फजिती कोणाची झाली ते शोधतं. आपल्या कंपूत असाच एखादा नवा अर्थ रुजवायचा असेल, तर निम्मं काम शब्द निवडण्यातच होतं.

शब्द सगळ्यांनी ऐकलेला हवा, पण रोजच्या तोंडातला नको. मूळ अर्थच माहीत नसेल तर तो कसा वाकवलाय ते कोणाला कळणार? शाळेचं व्याकरण ही त्यासाठी उत्तम खाण: विसर्ग, हलंत, अवग्रह. सगळ्यांनी घोकलेले, नंतर कोणी न वापरलेले शब्द. अक्षरं चारच्या वर नकोत. 'किंकर्तव्यविमूढ' ऐकायला झकास आहे, पण घाईत कोण म्हणणार?

'हलंत' घेऊ. हलंत म्हणजे पाय मोडलेलं अक्षर. त्यावरून नवा अर्थ: जेवून एकदा टेकला की उठायचं नाव न घेणारा. 'पाणी तूच आण रे, मी हलंत झालोय.' शिवाय शब्द ऐकायला 'हलत'सारखा आणि माणूस तर हलत नाही, ही वरकड कमाई. मूळ अर्थापासून नव्या अर्थापर्यंत एका उडीत पोचता यायला हवं. दोन उड्या लागल्या की ते कोडं होतं.

नवशिके हमखास चुकतात ते क्रियापदात. नाम शोधतात आणि थांबतात. पण पोपट होतो किंवा करतात, कल्टी मारतात, चुना लावतात. नुसतं नाम बोलण्यात टिकत नाही. होणे, करणे, मारणे, लावणे ही चार जोडून मोठ्याने म्हणून पाहा. 'होणे'मध्ये ते आपोआप ओढवतं, 'करणे'मध्ये दुसरा कोणी करतो, 'मारणे'मध्ये झटका असतो. म्हणून 'हलंत होणे' बसतं आणि 'हलंत मारणे' कानाला खटकतं. मग विभक्ती लावा: 'त्या हलंताला उठवा.' इथे जीभ अडखळली तर शब्द सोडून द्या. लिंगाच्या भानगडीत पडू नका. फजिती तिची झाली तरी पोपटच होतो.

शब्द आधीच दुसऱ्या कामाला जुंपलेला नाही ना, हेही बघा. सगळे गेल्यावर दारात गप्पा मारत उरलेले दोघे म्हणजे 'विसर्ग': शब्दाच्या शेवटी उभे दोन ठिपके, कल्पना सुरेख. पण पावसाळ्यात धरणातून विसर्ग सुरू झाला की विनोद त्यात वाहून जातो.

वापरायला लागल्यावर समजावून सांगू नका. पहिल्या दोन-तीन वेळा प्रसंग समोर घडत असतानाच शब्द टाका, म्हणजे अर्थ आपोआप चिकटतो. कंपूत कोणाला खरंच चालताना त्रास असेल तर 'हलंत' बादच. ज्याच्यावर शब्द पडतो त्याला तो स्वतःसाठीही हसत वापरता आला पाहिजे, नाहीतर ती शिवी होते.

शब्द रुजला की लोक त्याला फाटे फोडतात. हलंताला हात देऊन उठवणाऱ्याला उद्या कोणी 'जोडाक्षर' म्हटलं, तर तुमचा मूळ अर्थ सांगायला मध्ये पडू नका.