क्लास आणि व्हेरिएबल शिकताय? निदान या चुका तरी टाळा

मी संध्याकाळच्या बॅचला पायथन आणि जावा या प्रोग्रामिंगच्या भाषा शिकवतो. बॅच बदलते, पोरं बदलतात, चुका मात्र त्याच. आता त्याच गोष्टी फळ्यावर लिहून हात दुखायला लागलेत म्हणून एकदाच इथे टाइप करून ठेवतोय, पुढच्या वेळी लिंक पाठवली की झालं.

आधी ते मोदकाच्या साच्याचं उदाहरण डोक्यातून काढा. क्लास म्हणजे साचा, ऑब्जेक्ट म्हणजे मोदक, हे सगळेच सांगतात, मीपण सांगायचो. पहिल्या दिवसापुरतं ठीक आहे पण दुसऱ्या दिवशी क्लास व्हेरिएबल आलं की ते उदाहरण तोंडावर आपटतं, कारण साच्यात स्वतःचा काही माल नसतो आणि क्लासमध्ये असू शकतो. मी आता मेसचं उदाहरण देतो. तुमच्या पुढ्यातलं ताट तुमचं, ते इन्स्टन्स व्हेरिएबल. टेबलाच्या मधोमध ठेवलेली लोणच्याची बरणी सगळ्यांची, ते क्लास व्हेरिएबल. बरणीत कोणी उष्टा चमचा घातला की सगळ्या टेबलाचं लोणचं गेलं.

मेसचं उदाहरण उगाच नाही सुचलं. आमच्या एका विद्यार्थ्याने तो जिथे जेवायचा त्या मेसच्या काकूंना बिलाचा प्रोग्राम करून दिला, पायथनमध्ये. हिशोब सोपा, महिन्याचे ३००० रुपये आणि प्रत्येक खाड्याचे ५० वजा. ग्राहक नावाचा क्लास केला, त्यात वरतीच, इनिटच्या (ऑब्जेक्ट बनताना आपोआप चालणारं फंक्शन) बाहेर, खाडे नावाची रिकामी लिस्ट. खाडा पडला की सेल्फ डॉट खाडे डॉट अपेंड, त्यात तारीख (सेल्फ म्हणजे तो ऑब्जेक्ट स्वतः, अपेंड म्हणजे लिस्टच्या शेवटी भर). स्वतःचं नाव टाकून पाहिलं, तीन खाडे, बिल २८५०. बरोबर! लगेच काकूंना देऊन मोकळा.

महिनाअखेरीला ३५ जणांचं बिल काढलं तर प्रत्येकाचं उणे ५००. म्हणजे महिनाभर पोटभर जेवून वर काकूंनीच प्रत्येकाला पाचशे रुपये द्यायचे! जो एक दिवसही चुकला नव्हता त्यालासुद्धा. झालं असं की ३५ जणांचे मिळून ७० खाडे होते आणि ते सगळे त्या एकाच लिस्टमध्ये जाऊन बसले, प्रत्येक ग्राहक तीच लिस्ट मोजणार, ७० गुणिले ५० म्हणजे ३५००, ते वजा झाले प्रत्येकाच्या ३००० मधून.

त्याला म्हटलं लिस्ट कुठे बनतेय ते नीट बघ. नीट कसलं बघतोय, अर्ध्या तासात "झालं सर" म्हणून हजर. कुठल्यातरी चॅटबॉटला विचारून लिस्ट इनिटमध्ये नेली होती खरी, पण पॅरामीटरच्या कंसात, खाडे बरोबर (=) रिकामी लिस्ट अशी डिफॉल्ट व्हॅल्यू, म्हणजे काही दिलं नाही तर वापरायची किंमत, म्हणून. परत उणे ५००. कारण डिफॉल्ट व्हॅल्यू डेफची ओळ (जिथे फंक्शन सुरू होतं ती) चालते तेव्हा एकदाच बनते, दर ऑब्जेक्टला नवीन बनत नाही. बरणी या टेबलावरून उचलून त्या टेबलावर ठेवली एवढंच. खरा उपाय एका ओळीचा आहे: इनिटच्या पोटात सेल्फ डॉट खाडे बरोबर रिकामी लिस्ट. बाहेरून लिस्ट घ्यायचीच असेल तर डिफॉल्टला नन (म्हणजे 'काहीच नाही') ठेवा आणि आत तपासून नवी बनवा. काकू अजून वहीतच खाडे लिहितात, आणि मला वाटतं बरोबर करतात.

यातली खरी चूक माझ्या मते लिस्टची नाहीच. एकच ऑब्जेक्ट बनवून टेस्ट केलं ही आहे. एकटाच जेवायला बसला तर बरणी काय आणि ताट काय, फरक कळणार कसा? म्हणून माझी सवय अशी की कुठलाही नवा क्लास लिहिला की दोन ऑब्जेक्ट बनवायचे, माझे कायम गोट्या आणि बंडू असतात, गोट्यात काहीतरी बदलायचं आणि बंडू प्रिंट करायचा. बंडू हलला की गडबड आहे. तरी शंका असेल तर दोघांच्या लिस्टचा आयडी फंक्शनने नंबर काढा, एकाच वेळी दोघं जिवंत असताना नंबर सारखा आला तर लिस्ट एकच आहे, वाद संपला.

आता यात एक मेख आहे आणि इथे हुशार पोरंही अडकतात. दर नावाचं क्लास व्हेरिएबल आहे, ५०. गोट्या डॉट दर बरोबर ४० केलं. बंडूचा दर ५०च राहतो! मग म्हणतात सर तुम्ही तर म्हणालात शेअर होतं. अरे वाचताना पायथन आधी ऑब्जेक्टमध्ये बघतो, नाही सापडलं तर क्लासमध्ये जातो, पण असं बरोबरचं चिन्ह लावून लिहिलंत की ते थेट ऑब्जेक्टवर नवीन बनतं. अपेंड म्हणजे त्याच बरणीत हात घालणं, बरोबरचं चिन्ह म्हणजे आपल्या ताटात वेगळं लोणचं वाढून घेणं. पुढे कधी ग्राहक डॉट दर ६० केलात तर बंडूला वाढ लागू होईल, गोट्या ४०वरच बसून राहील आणि तुम्ही दोन तास बग शोधाल.

जावावाल्यांनी हसू नये. तुमच्याकडे हाच रोग स्टॅटिकच्या रूपाने येतो, स्टॅटिक म्हणजे ऑब्जेक्टचं नाही, सगळ्या क्लासचं मिळून एकच. मेनमधून (प्रोग्राम जिथून सुरू होतो ते स्टॅटिक फंक्शन) व्हेरिएबल वापरायला गेलं की कंपायलर, म्हणजे कोड तपासणारा प्रोग्राम, म्हणतो नॉन-स्टॅटिक गोष्ट स्टॅटिकमधून वापरता येणार नाही, आणि एडिटर लाल रेघ दाखवून वर स्टॅटिक करायचा सल्लापण देतो. केलं क्लिक. मग दुसरं, मग तिसरं, शेवटी क्लासमधलं सगळंच स्टॅटिक, आणि दोन विद्यार्थी बनवले तर दोघांचं नाव शेवटच्याचं. लाल रेघ गेली म्हणजे प्रोग्राम बरोबर झाला असं नसतं हो! मेनमध्ये न्यू लिहून ऑब्जेक्ट बनवा आणि त्याच्यावरून व्हेरिएबल वापरा, एवढंच म्हणणं असतं त्या बिचाऱ्या कंपायलरचं.

बाकी किरकोळ.

जावाच्या कन्स्ट्रक्टरमध्ये (पायथनच्या इनिटसारखंच, ऑब्जेक्ट बनताना चालणारं) नाव बरोबर नाव लिहिलंत तर पॅरामीटर स्वतःलाच स्वतः देतो, फील्ड (ऑब्जेक्टचं व्हेरिएबल) नलच, म्हणजे रिकामंच, राहतं. धिस डॉट लावा.

कन्स्ट्रक्टरच्या आधी व्हॉइड लिहू नका, ती साधी मेथड (क्लासमधलं फंक्शन) होते आणि त्या ओळीवर कंपायलर गप्प बसतो.

पायथनमध्ये इनिटच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर, एकेक नाही. एकेक टाकलेत की क्लास म्हणतो मी आर्ग्युमेंट घेतच नाही.

"शून्य आर्ग्युमेंट हवे होते, एक दिलं" असा एरर आला आणि तुम्ही तर काहीच दिलं नव्हतं? मेथडच्या कंसात सेल्फ विसरलात.

बंडू बरोबर गोट्या लिहून कॉपी होत नाही, एकाच माणसाला दोन नावं पडतात.

आणि तिसऱ्या दिवशी "सर इनहेरिटन्स (एका क्लासवरून दुसरा क्लास बनवणं) कधी?" विचारणाऱ्यांना माझं एकच उत्तर, गोट्या आणि बंडू प्रिंट करून दाखव, मग बोलू.