पॅरिसमध्ये फ्रेंच स्वयंपाकाचा क्लास करताना

पॅरिसच्या सहलीत अर्धा दिवस स्वयंपाकाच्या क्लासला द्यायचा असेल, तर आधी पदार्थ ठरवा, मग क्लास शोधा. बरेच जण डोळे मिटून क्रोसाँ निवडतात. त्यात पिठात लोण्याची लादी घालून लाटायचं, घडी घालायची, थंड करायचं, पुन्हा लाटायचं. दोन-तीन तासांत हे सगळं बसत नाही, म्हणून बरंचसं काम आधीच उरकून ठेवलेलं असतं. आणि घरी परतल्यावर मे महिन्यातल्या नागपुरात लोणी लाटायचा प्रयत्न करून बघा!

माझं मत 'शू'ला. एक्लेअर, म्हणजे आत क्रीम भरलेली लांबट पेस्ट्री, ज्यापासून करतात ते पीठ. ज्यांना मोदकाची उकड काढता येते, त्यांचं निम्मं काम झालंच. पाव लिटर पाणी आणि १०० ग्रॅम लोणी उकळायचं, १५० ग्रॅम मैदा एकदम ओतायचा, गोळा भांड्याच्या कडा सोडेपर्यंत घोटायचं. वेगळेपण पुढे आहे. जरा निवलं की चारेक अंडी एकेक करून घालायची, शेवटचं मात्र फेटून थोडं थोडं. पीठ चमच्यावरून जडपणे ओघळायला लागलं की हात थांबवायचा. ही खूण वाचून कळत नाही, क्लासचे पैसे तिच्यासाठीच मोजायचे. यात सोडा वगैरे काही नसतो, ओव्हनमध्ये पिठातल्याच पाण्याच्या वाफेने सगळं फुगतं. मध्येच ओव्हन उघडला की बसलंच.

अंडं चालत नसेल तर बेशामेल, म्हणजे लोणी, मैदा आणि दुधाचा पांढरा सॉस, शिकवणारा क्लास बघा. पिठल्यात गुठळ्या न होऊ देणाऱ्यांना तो लगेच जमेल.

बुकिंग करण्याआधी तीन गोष्टी विचारा: शिकवणं इंग्रजीत आहे का, गटात किती जण असतील आणि प्रत्येकाला स्वतःच्या हाताने करायला मिळेल का. माणसं आठाच्या वर गेली की निम्मा वेळ दुसऱ्याच्या खांद्यावरून डोकावण्यात जातो.

शाकाहारी असाल तर नुसतं 'व्हेजिटेरियन' लिहून भागत नाही. मांस नको, मासे नकोत, मांस-हाडं उकळून काढलेला स्टॉक नको, जिलेटिन नको, वाइन नको, असं एकेक लिहा. चीजचंही विचारा, कोंते नावाच्या चीजसाठी दूध विरजायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात.

बाजारहाटासह क्लास हवा असेल तर सोमवार टाळा. पॅरिसमधला आलिग्रचा बाजार त्या दिवशी बंद असतो. पोहोचल्याच्या संध्याकाळचा क्लासही नको: उन्हाळ्यात तिथे सात वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेदहा झालेले असतात, आणि पेंगत सुरी चालवायची नसते.

क्लासच्या दिवशी न्याहारी हलकी ठेवा, कारण केलेलं शेवटी सगळ्यांनी मिळून खायचं असतं. बंद बूट घाला, केस बांधा, दहा मिनिटं आधी पोहोचा. आत शिरताना सगळ्यांना 'बाँझूर' म्हणायला विसरू नका, तिथे ते न म्हणणं उद्धटपणा समजतात. काम मागून घ्या. कोपऱ्यात उभं राहिलात तर वाट्याला फक्त कांदा सोलणं येतं.

निघताना कृती लिहून घ्या, पण अंड्यांची संख्या नव्हे, ग्रॅममधलं वजन. आपल्याकडची अंडी बरेचदा लहान निघतात. लोणीही बिनमिठाचं आणा. ब्रेडला लावायचं पिवळं बटर खारट असतं.